वाचायची खोली

"काकी, पोते ठेवू त ठेवू कुठं? माह्या डोक्यावर?" मुन्नालालनं विचारलं.

अंगणात धानाची भरलेली बंडी उभी होती. बैल सोडायचे की नाही हेच ठरत नव्हतं, म्हणून ते बिचारे मानेवर जू घेऊन ताटकळत होते. जमुनाबाई खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या, आणि त्या तिथून तसूभर हलणार नाहीत हे एव्हाना बैलांनाही कळून चुकलं असावं.

"आजचा दिवस ओसरीत ठेव. गोंदियाचे मास्तर येऊन राहिले आज. पुस्तकं पाहतीन, नेतीन, मंग तुही खोली."

"अन् नाई नेले त?"

"काऊन नाई नेतीन?"

"नाई नेले त मी किराणावाल्यासंग बोलून ठेवलं आहे, काकी. पुड्या बांधायले त्याले कागद लागतेच. आता तुमी रागवा, नाई त काही करा."

जमुनाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर सारखा केला आणि दाराला आणखी टेकून उभ्या राहिल्या. मुन्नालाल त्यांच्या दिराचा मुलगा. माणूस वाईट नव्हता हो. स्वतःच्या शेतीबरोबर निपुत्रिक काकीचीही शेती ओढत होता, आणि त्यात लबाडी करत नव्हता. पण सगळ्या दवनीवाडा गावात पक्क्या फरशीची, ओल न येणारी अशी एक खोली, आणि तिच्यात उंदरांनासुद्धा गोडी नसलेली इंग्रजी पुस्तकं! कुठल्या शेतकऱ्याचा जीव जळणार नाही?

ती नंदलालजींची वाचायची खोली. नंदलालजी म्हणजे जमुनाबाईंचे यजमान, यंदाच आषाढातल्या आखाडीच्या सणाआधी वारले. तरुणपणी नागपूरला कॉलेजात शिकायला गेले होते. परीक्षेत काय झालं ते घरात कोणी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही; एका उन्हाळ्यात पेटी घेऊन परत आले ते कायमचेच. त्यानंतर महिन्याभरात कलकत्त्याहून पहिलं पार्सल आलं. गोंदिया स्टेशनावरून बकाराम गड्यानं ते बंडीतून आणलं, आणि वाटेत कोणी विचारलं तर "मालकाची विद्या आहे" असं सांगत आणलं.

मग पार्सलं येतच राहिली. शंभर-शंभर वर्षांपूर्वीची जुनी पुस्तकं नव्यानं छापणारं एक दुकान तिकडे होतं, त्याची जाहिरात यायची आणि नंदलालजी खुणा करून धाडायचे. ताऱ्यांवरची पुस्तकं, खडकांवरची, हाडांवरची, झाडपाल्यावरची, जुन्या नाण्यांवरची, कुठल्या कुठल्या मेलेल्या भाषांच्या व्याकरणांची. भिंती भरल्या. सकाळी आंघोळ झाली की नंदलालजी आत जायचे, दार लोटून घ्यायचे, ते जेवायला बाहेर. जेवण झालं की परत आत. त्यांचं सगळं आयुष्य असं गेलं, आणि जमुनाबाईंचं दाराबाहेर गेलं.

गावाला त्याचा केवढा अभिमान! ग्रहण कधी सुटणार, गाय का आटली, साप कुठला चावला, काहीही असो, लोक नंदलालजींकडे यायचे. नंदलालजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघून सांगतो." दार लोटलं जायचं. तोवर ग्रहण सुटायचं, गाय विकली जायची, आणि साप चावलेला माणूस त्याच्या नशिबानं जगायचा किंवा जायचा. कचारगडच्या बाजूचा मनीराम नावाचा गोंड एकदा चकाकणारा दगड घेऊन आला होता, की मालक, यात का आहे ते पाहा. नंदलालजींनी दगड ठेवून घेतला. पुढं कितीतरी वर्षं मनीराम मंडईच्या जत्रेला आला की दारात डोकवायचा. जमुनाबाई त्याला पाणी द्यायच्या आणि सांगायच्या, "पाहून राहिले बापा. विद्येचं काम आहे, घाई करून होते का?" मनीरामलाही ते पटायचं.

जमुनाबाई कामठ्याच्या. माहेर असं की चार बाया एकत्र आल्या की शेजारच्या गावाला कळावं. जात्यावर गाणं, कांडणावर गाणं, भांडणसुद्धा सुरात. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी जातं मागच्या परसात हलवलं. मग कांडण दिराच्या घरी पाठवलं. बकारामला ओरडून हाक मारायची नाही, हातानं बोलवायचं. पितळी भांडी एकावर एक ठेवायची नाहीत, आवाज होतो. हे सगळं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं बरं का. नंदलालजींनी तर कधीच नाही. पण नवरा आत एवढी विद्या करत असताना बाईनं बाहेर भांडी आपटावीत, हे त्यांच्या मनाला पटेचना. हळूहळू त्यांचं स्वतःचं बोलणं इतकं खाली आलं की बाजारात भाजीवाली म्हणायची, "जोरानं सांगा बाई, का पायजे ते."

एकदा धाकट्या बहिणीची मुलगी, निर्मला, राहायला आणली होती. चार वर्षांची, गोड गळ्याची. मूल नव्हतं म्हणून आणलेली, ठेवून घ्यायच्या मनानं आणलेली. पोरगी दिवसभर गात फिरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोलीचं दार उघडलं आणि नंदलालजींनी विचारलं, "कोण गात होतं?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी जमुनाबाईंनी बकारामकडून बंडी जुंपवली आणि पोरीला कामठ्याला पोचतं केलं. बहीण म्हणाली, "काऊन वो, का झालं?" जमुनाबाई म्हणाल्या, "यायच्या वाचनात आड येते." परत येताना बंडीत त्या खूप रडल्या, पण घर जवळ आल्यावर डोळे पुसले. चार मोठी कामं करणाऱ्या माणसाच्या घरात एखाद्याला काहीतरी सोडावं लागतंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ते समजावणं पुढं जन्मभर पुरलं.

म्हणूनच आज मास्तर येणार होते याला एवढं महत्त्व होतं. गोंदियाच्या शाळेत नवीन पुस्तकालय होणार होतं. पुस्तकं चांगली निघाली तर एक अख्खं कपाट नंदलालजींच्या नावाचं लावू, असा निरोप आला होता. ते झालं की झालं. मग कोणी म्हणू शकणार नव्हतं की जमुनाबाई उगीच गप्प राहिल्या. नाही तर किराणावाला होताच. त्यांचं सगळं आयुष्य हळदीच्या पुड्यांना गुंडाळून जायचं.

मास्तर दुपारी आले. केशोराव त्यांचं नाव, भंडाऱ्याकडचे, डोक्यावरची काळी टोपी सायकल चालवून धुळीनं पांढरी झालेली. बकारामनं दिलेल्या पाण्यानं हातपाय धुतले आणि लगेच म्हणाले, "दाखवा, बाई. मला राहवत नाही."

जमुनाबाईंनी दार उघडलं. मास्तर उंबऱ्यातच थांबले. चारी भिंती वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"अहो, हे तर नागपुरातसुद्धा नाही मिळणार."

जमुनाबाईंना फार बरं वाटलं. मागे ओसरीत पोत्यावर बसलेल्या मुन्नालालकडे त्यांनी एकदा वळून पाहिलं. मुन्नालालनं नजर चुकवली.

मास्तरांनी एक पुस्तक काढलं, चाळलं, ठेवलं. दुसरं काढलं. मग तिसरं. आधी त्यांचा चेहरा नुसता खुललेला होता, मग त्यावर थोडं नवल आलं. ते दुसऱ्या भिंतीकडे गेले, तिथलं एक जाडजूड काढलं, मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं. प्रत्येक वेळी पुस्तक कानाजवळ नेल्यासारखं तिरकं धरत आणि पानांच्या वरच्या कडेत डोकावत.

"का पाहून राहिले, मास्तर?"

"काही नाही. छान आहेत. अगदी नवी आहेत हो."

"नवी कशी असतीन? जन्मभर वाचले त्यायनं."

मास्तर स्टुलावरून खाली उतरले. माणूस भला होता. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं असणार. पण मास्तरकीची सवय वाईट. विचारलं की सांगायचं.

"बाई, हे बघा. पुस्तक छापताना मोठा कागद छापतात, मग त्याच्या घड्या घालतात आणि शिवतात. त्या घड्या वरच्या बाजूनं तशाच राहतात. वाचणाऱ्यानं चाकूनं कापत कापत पुढं जायचं. कापल्याशिवाय आतलं पान दिसतच नाही." त्यांनी पुस्तक उघडलं. "ही पहिली काही पानं कापलीत. बघा, किती नीट कापलीत. आणि इथून पुढं सगळी बंद आहेत."

जमुनाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण हे समजायला अक्षर लागत नव्हतं. दोन पानं वरून जुळलेली, मध्ये खिशासारखी पोकळी.

"एकाच पुस्तकात असन तसं."

"बऱ्याच पुस्तकांत आहे," मास्तर हळूच म्हणाले. "मी पाहिली त्या सगळ्यांत."

आता सांगायचं म्हणजे जमुनाबाईंनी ही जुळलेली पानं कधी पाहिली नव्हती असं नाही. नंदलालजी आंघोळीला गेले की रोज सकाळी त्याच पुस्तकं पुसायच्या. जुळलेल्या कडांवरून हजारदा फडकं फिरवलं होतं. पण त्यांना वाटायचं, मोठ्या विद्येची पुस्तकं अशीच असतात. पोथ्या निराळ्या, ही निराळी. पोथी कोणीही उघडावी, ही आपली बंद. आणि यांना बंद असतानाही ती वाचता येतात, तीच तर यांची विद्या. नवऱ्याला कसं विचारणार? आणि दुसऱ्या कोणाला विचारलं तर आपलं अडाणीपण गावभर. म्हणून त्यांनी कोणालाच विचारलं नाही.

त्यांनी स्वतः एक पुस्तक काढलं. मग दुसरं. मास्तर दाखवत होते तसं तिरकं धरून त्या बघू लागल्या. प्रत्येकात तेच. थोडी पानं मोकळी, कडा सुबक कापलेल्या, आणि मग बंद. काही काही तर पहिल्या पानापासूनच बंद. जमुनाबाई एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जात राहिल्या आणि मास्तर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, उलट हे बरंच आहे," त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "कोरी पुस्तकं. शाळेला असा लाभ कुठून होणार? मी परवाच बंडी पाठवतो. कपाटावर नाव कसं लिहायचं तेवढं सांगा."

म्हणजे जमुनाबाईंना जे हवं होतं ते सगळं मिळत होतं. कपाट मिळत होतं, नाव मिळत होतं. त्या खाली फरशीवर बसल्या.

"मंग ते आत बसून करत का होते, मास्तर? इतके वर्षं?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बोडीचं, गावच्या लहान तळ्याचं, पाणी होतं, पलीकडे कापलेल्या धानाचे बांध.

"सुरुवात करत असतील," शेवटी ते म्हणाले. "पुढं जाणं सगळ्यांनाच जमत नाही, बाई. मलाही कितीतरी पुस्तकं नाही जमली. मी विकून टाकली, म्हणून कोणाला दिसत नाही इतकंच."

जमुनाबाईंना एक दिवस आठवत होता. त्या चुलीपाशी भाकरी टाकत होत्या आणि अचानक नंदलालजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते, अवेळी. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं होतं. जमुनाबाई घाबरून उठल्या होत्या. "आवाज झाला का? चहा पायजे का? तुमी वाचा, मी नाई करत आवाज." नंदलालजी थोडा वेळ तव्याकडे पाहत उभे राहिले, मग परत खोलीत गेले. त्या दिवशी जमुनाबाईंनी सांडशीसुद्धा जपून खाली ठेवली होती. आज त्यांना कळत होतं की ते बोलायला आले होते. आणि ते "कोण गात होतं" सुद्धा. कोणास ठाऊक, पोरीला आणखी गायला सांगायचं असेल. राग कोणावर करावा ते त्यांना कळेना. मेलेल्या माणसावर करता येत नाही, आणि स्वतःवर करायला आता वय राहिलं नव्हतं.

"परवा नाई," त्या उठत म्हणाल्या. "महिन्याभरानं धाडा बंडी."

"का बरं?"

"हे कापाचं काम कायनं करतेत?"

"बोथट चाकूनं. पण बाई, तुम्ही कशाला? शाळेत ज्याला वाचायचं तो कापून घेईल."

"म्हनूनच त," जमुनाबाई म्हणाल्या. "तुमाले दिसलं, तुमी समजदार आहा. उद्या पोरं पाहतीन, हसतीन. त्यायचं नाव राहणार आहे ना वर?"

मास्तरांनी टोपी डोक्यावर चढवली. "महिन्याभरानं येतो," एवढंच म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

बकारामनं हिरव्या बांबूची एक कामटी छिलून, घासून गुळगुळीत करून दिली. कशाला हे त्यानं विचारलं नाही. जमुनाबाई सकाळी आंघोळ करून खोलीत बसायच्या त्या दिवस मावळेपर्यंत. घडीत कामटी घालायची, ओढायची. खर्र. पान उलटायचं. पुढची घडी. सुरुवातीला कडा फाटल्या, दातऱ्या निघाल्या, मग हात बसला. मांडीवर, फरशीवर कागदाचा पांढरा चुरा पडायचा. आत काय होतं? कुठं चांदण्यांची चित्रं होती, कुठं मुंग्यांच्या पायांची, कुठं नुसतीच काळीभोर अक्षरं. आजवर कोणीही न पाहिलेली ती पानं त्या एकेक करून उघडत होत्या आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जिथं नंदलालजींची नीट कापलेली पानं संपायची आणि त्यांचं कापणं सुरू व्हायचं, तिथं त्यांचा हात दरवेळी थोडा थबकायचा. काही पुस्तकांत तर नवरा इतक्या लवकर थांबला होता की त्यांना त्याची दया यायची. एकदा तर त्या एका पुस्तकालाच म्हणाल्या, "आखीन एक पान त जायचं होतं." मग पुढची घडी कापायला लागल्या.

मुन्नालाल रोज येऊन पाहून जायचा. पहिले दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी ओसरीतल्या पोत्यांवर त्यानं ताडपत्री टाकली आणि म्हणाला, "होऊ द्या काकी. धान का पळून नाई जात."

ठरल्याप्रमाणे बंडी घेऊन मास्तर आले. त्यांनी दोन-चार पुस्तकं उघडून पाहिली. कडा वेड्यावाकड्या होत्या, पण प्रत्येक पान मोकळं होतं.

"खूप वाचलेली दिसतात," मास्तर म्हणाले.

"हो," जमुनाबाई म्हणाल्या. "दिवसभर वाचत."

पुस्तकं भरून बंडी गोंदियाच्या रस्त्याला लागली, मागून मास्तरांची सायकल. मुन्नालालनं हातातली विडी टाकली आणि मजुरांना पोती उचलायची खूण केली.

"जरासा थांब," जमुनाबाई म्हणाल्या. त्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून दार लोटलं.

भिंती उघड्या पडल्या होत्या. खिडकीपाशी नंदलालजींची खुर्ची तेवढी उरली होती. शाळेला ती नको होती. त्या खुर्चीवर जमुनाबाई कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या.

आणि त्यांना ऐकू येऊ लागलं. परसातल्या विहिरीवर दोर घासल्याचा आवाज. बकारामचा खोकला. चुलीवर काहीतरी उतू गेल्याची चर्र. अंगणात कोणीतरी मुन्नालालला तंबाखू मागत होतं, तेही अगदी कानाशी बोलल्यासारखं स्पष्ट. या खोलीत सगळं घर ऐकू येत होतं. त्यांचं जातं परसात नेणं, बकारामला दटावणं, पोरीचं गाणं एकदम थांबणं, बंडी जुंपणं, सगळं इथं बसलेल्या माणसाला ऐकू गेलं असणार. जमुनाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. त्यांना फार एकटं वाटलं, त्या खुर्चीत कोणालाही वाटलं असतं तितकं. आता कोणीतरी हाक मारावी, असं त्यांना मनापासून वाटलं. मुन्नालालनं "काकी, पोते आनू का" म्हणून ओरडावं, बकारामनं चहाचं विचारावं. काही चाललं असतं.

बाहेर मजुरांचं बोलणं वाढलं. कोणीतरी हसलं. मग बकारामचा आवाज आला, जन्मभराच्या सवयीचा, दबका.

"हळू बोला रे. बाई आत बसल्या आहेत."

अंगण चूप झालं. दार लोटलेलं होतं, म्हणून कोणी हाक मारली नाही.